बाळंतिणीची झोप विचारा

माझ्या बाळंतपणात कशाचीच उणीव नव्हती. माहेरी सांगलीला होते. शेक-शेगडी, ओवा-शेपांची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंग चोळायला येणाऱ्या मावशी, सगळं रीतसर चाललं होतं. हे आधीच सांगते, कारण ‘हिला कमी काय आहे?’ हे वाक्य पुढं मी सतत ऐकलं आणि त्यापायी उपचारांना उशीर झाला.

बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांनी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींच्या वाट्याला येतं. संप्रेरकं झपाट्यानं खाली आलेली असतात, झोपेचं खोबरं झालेलं असतं. दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप निवळतं. माझं निवळलं नाही. बारसं झालं, पाहुणे पांगले आणि माझी झोपच उडाली. बाळ रडायचं म्हणून नव्हे. ते गाढ झोपलेलं असायचं आणि मी बाजेवर उठून बसून त्याच्या नाकाशी बोट धरायची. श्वास लागायचा. बोट काढलं की पुन्हा धास्ती. दिवसा त्याला मांडीवर घेतलं की आता माया दाटून येईल म्हणून वाट बघायची, आणि आत काही म्हणजे काही हलायचं नाही. हे कुठल्या तोंडानं कुणाला सांगणार?

घरचे मायेचेच होते. आई म्हणायची, “रडू नकोस गं, दूध आटेल.” मग रडूही दाबायचं. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. आत्यानं पाच पोरं कशी वाढवली ते ऐकून झालं. लसीसाठी दवाखान्यात गेलो तर बाळाचं वजन, दूध, शी-शू सगळी चौकशी झाली, माझी मात्र कुणीच केली नाही.

वहिनीनं ती केली. दुपारी सगळे आडवे झाल्यावर बाजेपाशी येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, बाळ झोपल्यावर तरी तुम्हाला झोप लागते का?” मी नकारार्थी मान हलवली. थोडं थांबून तिनं सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” मी हो म्हटलं. ती ओरडली नाही, देवाची शपथ घातली नाही. त्या रात्री मला एकटं सोडलं नाही आणि दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. असं विचारलं तर नको ते डोक्यात भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट कोंडलेलं माणूस बोलतं होतं.

डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा कागद पुढं ठेवला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ साली एडिनबर्गमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली जगभर वापरतात, मराठीतूनही विचारता येते आणि पाच-दहा मिनिटांत होते. दर बाळंतिणीला ती का विचारू नये, हे मला आजही कळत नाही. मग थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण तिथली गडबडही अशीच दिसू शकते. अंगावर पाजताना चालणारं औषध मिळालं, दूध तोडावं लागलं नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. आणि बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

औषधाइतकाच उपयोग झोपेचा झाला. रात्रीचं एक दूध नवऱ्यानं स्वतःकडे घेतलं. मी आधी काढून ठेवायची, तो वाटी-चमच्यानं पाजायचा. सलग चार-पाच तास डोळा लागायला लागला, तेव्हा प्रथमच सकाळ अंगावर आली नाही. घरच्यांना नेमकं काय करू असं वाटत असेल, तर रात्र वाटून घ्या.

सोबतीलाही डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं वस्तीतल्याच, स्वतः आई असलेल्या बायकांना शिकवून नैराश्य असलेल्या गर्भवतींच्या आणि बाळंतिणींच्या मदतीला धाडलं होतं.

एका बाबतीत मात्र थांबू नका. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, बाळाबद्दल भलतंच काही सांगू लागली, तर ते वेगळं आणि गंभीर दुखणं असतं. हजारात एखाद-दुसरीला होतं. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. देवऋषाकडे जाण्यात वेळ घालवू नका. बाळापासून तोडतील म्हणूनही मागे राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करता येत नाही. तिच्या आजारामुळं बाळाला धोका असेल किंवा बाळाच्या हितासाठी, सुरक्षिततेसाठी गरज असेल तरच, आणि तेही तात्पुरतं.

बाळ बघायला जाल तेव्हा झबलं-टोपडं न्याच, पण घटकाभर बाळंतिणीजवळ एकट्या बसा आणि तिची झोप विचारा. उत्तर ऐकून काळजी वाटली आणि कुठं जावं ते सुचेना, तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीत बोलता येतं.