पावसाळ्यातील माशी व जोताचे बैल

मालवण किनाऱ्यावर पावसाळ्यात सायंकाळी गोठ्यात निरगुडीच्या किंवा कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली जाते. धूर असेपर्यंत बैल स्वस्थ राहतो. तो विरताच पुन्हा पाय आपटू लागतो. याचे कारण असे की, माशीचे मूळ बाहेर उकिरड्यात शाबूत असते.

गोठ्यातील चावरी माशी दिसण्यात घरमाशीसारखीच असते. ती मुताने भिजलेल्या, कुजक्या पेंढ्यात अंडी घालते. उबदार हवेत अंड्यापासून माशी होण्यास सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात. यास्तव ओला पेंढा रोज काढून खड्ड्यात टाकावा, त्यावर माती पसरावी व खड्ड्यावर झापांचे छप्पर करावे. माडांसाठी आणलेले मासळीचे खत उघडे टाकून गोठ्यात धुरी देणे व्यर्थ होय.

मोठी गोमाशी निराळी. ती दिवसाउजेडी चावते, अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाही. म्हणून नांगर सुटताच बैल आत बांधावा. म्हशीस डबक्यातील चिखलच पुरेसा उपकारक आहे. गोमाशीमुळे सर्रा रोग पसरतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांस त्याचे जंतू घोडे व उंट यांच्या रक्तात आढळले. घोडा उपचाराविना बहुधा दगावतो. बैल मात्र वरून धडधाकट दिसूनही जंतू बाळगू शकतो आणि ऐन चिखलणीत श्रमाने खचतो. ताप येऊन-जाऊन राहिल्यास, जनावर वाळल्यास किंवा गोल फिरू लागल्यास ते जोतास न जुंपता पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.