शेळी सगळं खाते, म्हणून सगळं लावू नये

सोयाबीन, कापूस आणि हळदीमुळे आमच्या हिंगोलीकडे चराऊ रान फारसं उरलेलं नाही. दोन-चार उस्मानाबादी शेळ्या पाळायच्या तर पाला परसात नि बांधावर लावावाच लागतो. तो लावून, कापून, खाऊ घालून जे कळलं ते हे:

१. आधी उपटा, मग लावा. कुंपणाची कण्हेर आणि बांधावरची घाणेरी ठेवू नका. कण्हेरीची थोडी पानंही हृदयावर जातात, वाळली तरी विष जात नाही. घाणेरी यकृत बिघडवते. ‘जनावराला विष कळतं’ हे पोट भरलेल्या शेळीपुरतं खरं. उपाशी शेळी तोंड घालतेच.

२. बांधावर शेवरी, हादगा, शेवगा. मृगाचा पाऊस झाला की टोकावं. हा पाला प्रथिनांचा, त्यामुळे ढेपेचा खर्च वाचतो.

३. दशरथ घासाचं बी तसंच पेरू नका. कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवावं, थोडं निवलं की बी चार-पाच मिनिटं त्यात ठेवावं, मग रात्रभर थंड पाण्यात. पहिली कापणी साधारण ९० दिवसांनी, पुढे दर ४० दिवसांनी.

४. सुबाभूळ हात राखून. तिच्यात मिमोसिन असतं. जास्त झालं की केस गळतात. एकूण चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको.

५. कोवळी ज्वारी दाखवूसुद्धा नका. पावसाने ताण दिलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल साठतं. त्याच्या विषबाधेलाच किराळ लागणं म्हणतात. फुलोऱ्यानंतरच कापा. शेळी धापा टाकू लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. जनावरांचा डॉक्टर बोलवा. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर ती वाचू शकते.

६. पाला सुकवा आणि टांगा. दवाने ओला लसूणघास पोट फुगवतो. जुडी बांधून तोंडाच्या उंचीवर लटकवली की शेळी मान वर करून शेंडे ओरबाडते, मग पानं, शेवटी साल. तोच पाला लेंड्यांत पडला की हुंगून मान फिरवते.

७. शेजाऱ्याला विचारा. त्याने नुकतीच फवारणी केली असेल, तर त्या बांधाचा पाला घरी आणू नका.

मोठ्या शेळीला दिवसाला ३ ते ४ किलो हिरवा पाला आणि किलोभर तुरीची गुळी किंवा कडबा लागतो. आपल्या शेळ्यांचा हिशेब आधी मांडा आणि तेवढंच बी आणा.