जोडवी काढ, पण सुई लावू नकोस

आधी एक ऐक, पायाच्या बोटावरच्या त्या गाठीला बिब्बा लावायचा नाही. सासूबाई काळजीपोटीच सांगत असतील. आपल्याकडं जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत पायाला काही झालं की बिब्बा नाहीतर रुईचा चीक ठरलेला. पण बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात आणि गाठ आहे तिथंच राहते. सुई तापवून टोचायचं तर मनातही आणू नकोस. नखाच्या मुळाशी चकचकीत, वाटाण्याएवढी गाठ दिसते ना, ती बहुतेक वेळा शेजारच्या सांध्यातून आलेली असते. आत घट्ट, चिकट पाणी असतं आणि एक बारीक देठ पार सांध्यापर्यंत गेलेला असतो. टोचलंस की जंतूंना सांध्यात जायला वाट मोकळी. त्यात शुगर असेल तर मग बघायलाच नको.

ही गाठ कॅन्सरची नसते, त्यामुळं रात्रीची झोप घालवू नकोस. चाळिशी-पन्नाशीनंतर सांधे झिजायला लागले की ती येते, आणि आपल्या बायकांनाच जास्त. दुखत नसेल, चपलेला घासत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. काही गाठी आपोआप बसतातही.

गाठीची आणखी एक जात आहे, ती शेतातली. अनवाणी चालताना काटा रुततो, कातडीचा कण आत ढकलला जातो आणि पुढं कधीतरी तिथं गाठ धरते. तिच्यात पाणी नसतं, पांढरा घट्ट माल असतो. ती पिशवीसकट काढावी लागते. पिशवीचा तुकडा आत राहिला की पुन्हा भरते. तुझी यातली कोणती, हे डॉक्टरांना आधी विचार. अंधारात टॉर्च लावला की पाण्याच्या गाठीतून उजेड आरपार दिसतो. एक्स-रेत सांध्याला हाड वाढलंय का, तेही कळतं.

पाण्याच्या गाठीतलं पाणी दवाखान्यात स्वच्छ सुईनं काढतात, कधी सोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, कुठं गोठवूनही बघतात. झटपट होतं, पण गाठ पुन्हा येण्याची शक्यता बरीच. ऑपरेशनचा खरा फायदा मुळाशी हात घातला तरच. नुसता वरचा फुगा कापून टाकणार असतील तर थांब आणि विचार, "देठ काढणार का? वाढलेलं हाड घासणार का?" बोटावरची कातडी ताणलेली असते, म्हणून कधी शेजारची कातडी सरकवून जखम झाकावी लागते. भूल फक्त बोटापुरती, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. तरीही गाठ पुन्हा येणारच नाही, असा शब्द कुणी देत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. बोट थोडं ताठर राहू शकतं. गाठीच्या दाबानं नखावर पन्हाळीसारखी खाच पडली असेल तर ती सहसा भरते, पण पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

आता जोडव्यांचं. ती काढावीच लागतील. ऑपरेशननंतर बोट सुजतं आणि चांदीची कडी आत रुतली तर रक्त अडतं. सूज पुरती उतरेपर्यंत जोडवी डब्यात राहिली म्हणून नवऱ्याला काही होत नाही, हे घरात माझं नाव घेऊन सांग.

वेळ मात्र बघून घे. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात, तोवर पाय उशीवर वर ठेवायचा आणि पट्टी कोरडी. पेरणीच्या चिखलात हे जमणार नाही, कापूस वेचणीच्या धांदलीतही नाही. ते उरकल्यावर जा. पण नखाखाली काळा डाग दिसला, गाठ भराभर वाढली, रक्त आलं, किंवा बोट लाल होऊन ठणकायला लागलं, तर कापूस राहू दे, त्याच दिवशी निघ.

परभणीला 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथं केसपेपर काढून हाडांच्या नाहीतर सर्जरीच्या ओपीडीत दाखव. शुगर तपासून घे, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांग. आणि काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगायचं विसरू नकोस.