सुजलेल्या पापणीचा तपास

पापणी सुजली की ती रांजणवाडीच, असा निकाल आमच्या आजीच्या दरबारात तत्काळ लागे आणि सहाणेवर लवंग उगाळण्याचे फर्मान सुटे. तरुणपणी मला झालेली सूज खरोखरच रांजणवाडीची होती. एकाच पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी, ठणकणारा लाल फोड. लवंगेने त्वचा चुरचुरली तेवढीच. गुण आला तो सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याच्या शेकाने. पापणीच्या ग्रंथींत थिजलेला तैलस्राव उष्णतेने पातळ होतो, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा 10 मिनिटे शेकावे, काजळ वर्ज्य करावे आणि फोड कदापि पिळू नये.

पुढे प्रौढ वयात, कचेरीत सालअखेरच्या हिशेबाची धांदल असता, दोन्ही पापण्या सकाळी फुगलेल्या व दुपारी ओसरलेल्या दिसू लागल्या, तेव्हा घरात पुन्हा लवंग निघाली. जागरणाचा परिणाम, असे दप्तरातील मंडळींचे मत पडले. परंतु ही सूज ना दुखे, ना लाल दिसे. ज्या वृद्ध डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी डोळे ओझरते पाहून माझ्या नडगीवरच अंगठा दाबून धरला. तेथे पडलेला खळगा लवकर भरेना, आणि लघवीतून प्रथिने जात असल्याचे तपासणीत आढळले. विकार मूत्रपिंडाचा होता. रक्तातील प्रथिने अशी गळू लागली म्हणजे शरीरात पाणी साठते, आणि पापणीची त्वचा अत्यंत पातळ व आतील भाग सैल असल्यामुळे, रात्रभर आडवे राहिल्यावर ते तेथे आधी प्रकट होते. माझ्या मिठावर जप्ती आली आणि औषधाची मुदत लांबली.

नुसती खाज असेल तर नवे काजळ, केसांचा कलप किंवा किड्याचा दंश यांची चौकशी करावी. न दुखणारी गाठ शेकूनही महिनाभर राहिली तर नेत्रतज्ज्ञ लहानसा छेद घेऊन ती काढतात. मात्र उतारवयात ती त्याच जागी पुन्हा उद्भवल्यास, क्वचित ती कर्करोगाचीही असते म्हणून, तिचा तुकडा तपासून घ्यावा. दुकानदाराने सुचविलेले स्टिरॉइडचे थेंब परस्पर घालू नयेत, त्यांनी काचबिंदू उद्भवू शकतो. आणि सुजेबरोबर ताप, डोळा फिरविताना वेदना, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे किंवा एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही असेल, विशेषतः लहान मुलाला, तर संसर्ग खोबणीत शिरल्याचा संभव असतो. अशा वेळी शेकत न बसता, रात्र असली तरी, तडक रुग्णालय गाठावे.