पंजाबचे पाणी : तीन शास्त्रांची साक्ष

देशापुढील प्रश्नांची सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय अशी विभागणी करण्याची पद्धत रूढ आहे. अभ्यासाच्या सोयीसाठी ती योग्यच होय. परंतु शेतीच्या बांधावर ही वर्गवारी टिकत नाही. तेथे पाण्याचा प्रश्न हाच विजेचा प्रश्न असतो, विजेचा प्रश्न हाच भावाचा प्रश्न असतो आणि भावाचा प्रश्न अखेर कर्जाच्या वहीत जाऊन पोहोचतो. या परस्परसंबंधाचे स्वच्छ उदाहरण म्हणून पंजाबच्या भूजलाकडे पाहता येईल. भूजलशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ या तिघांनीही गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे निदान केले आहे. तिघांचेही निदान आपापल्या परीने बरोबर आहे. तरीही रोग बरा झालेला नाही. असे का व्हावे, हे समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

भात कोठून आला?

भात हे पंजाबचे पारंपरिक पीक नव्हे आणि पंजाबी माणसाचे रोजचे अन्नही नव्हे. त्याच्या ताटात गव्हाची किंवा मक्याची रोटी असते. १९६०-६१ साली सध्याच्या पंजाबच्या क्षेत्रात भाताखाली जेमतेम २ लाख २७ हजार हेक्टर जमीन होती. कडधान्यांखाली मात्र सुमारे ९ लाख हेक्टर होती. आज भाताचे क्षेत्र ३० लाख हेक्टरांच्या पुढे गेले आहे आणि कडधान्ये जवळजवळ दिसेनाशी झाली आहेत.

हा बदल शेतकऱ्याने लहरीखातर केला नाही. १९६५-६६ आणि १९६६-६७ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली. १९६६ साली देशाला कोटीभर टन धान्य बाहेरून आणावे लागले. परक्या जहाजांवर अवलंबून राहण्याची ही नामुष्की संपविण्यासाठी जी धोरणे आखली गेली, त्यांत पंजाबला अग्रस्थान मिळाले. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ व कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ साली मेक्सिकोतून गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणण्यात आले. पाठोपाठ भाताच्या बुटक्या, खताला प्रतिसाद देणाऱ्या जाती आल्या. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने त्यांवर काम केले, सरकारने हमीभाव जाहीर केला, आणि मंडीत आलेला सर्व गहू व भात सरकार खरेदी करील अशी व्यवस्था उभी राहिली. देशाच्या क्षेत्रफळाचा अवघा दीड टक्का भाग व्यापणाऱ्या या राज्याने शिधावाटपाच्या दुकानांना धान्य पुरविले. ज्यांनी पंजाबची भूमी कधी पाहिलीही नाही अशा लक्षावधी घरांतील भाताचा दाणा त्या जमिनीतील पाण्यावर पिकला आहे.

भूजलशास्त्रज्ञाची साक्ष

या यशाबरोबरच धोक्याचा इशाराही देण्यात आला होता. जानेवारी १९६८ मध्ये वाराणसी येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी जमिनीचा कस न राखता केलेली सघन शेती आणि भूजलाचा बेसुमार उपसा यांचे परिणाम घातक होतील, असे स्पष्ट सांगितले. हरितक्रांतीच्या एका प्रमुख शिल्पकारानेच ती ऐन भरात येण्यापूर्वी हा इशारा दिला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे काय घडले ते आकड्यांवरून दिसते. १९७०-७१ साली पंजाबात सुमारे १ लाख ९२ हजार कूपनलिका होत्या. आज त्यांची संख्या १४ लाखांच्या आसपास आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार राज्यात दरवर्षी उपलब्ध होणाऱ्या भूजलाच्या सुमारे १६४ टक्के उपसा होतो. म्हणजे निसर्ग शंभर घागरी भरून देतो आणि माणूस एकशे चौसष्ट रिकाम्या करतो. राज्यातील १५३ विभागांपैकी ११७ विभाग अतिउपशाचे ठरले आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांनी नोंदविलेल्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून असा हिशेब मांडला गेला की, ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात पंजाब, हरियाणा, राजस्थान व दिल्ली या टापूतून सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले.

येथे एक बारकावा समजून घेणे अगत्याचे आहे. भाताच्या खाचरात साठविलेले सर्वच पाणी वाया जात नाही. त्यातील बराच भाग झिरपून पुन्हा जमिनीखाली जातो. खरी तूट होते ती बाष्पीभवनाने आणि पिकाच्या पानांवाटे उडून जाणाऱ्या पाण्याने. मे महिन्यात पंजाबचे तापमान ४० अंशांच्या वर असते, हवा कोरडी असते आणि पावसाळा अद्याप महिनाभर दूर असतो. अशा वेळी केलेल्या लावणीत सर्वांत अधिक पाणी हवेत उडून जाते. म्हणून ‘भात कोणत्या महिन्यात लावावा’ हा प्रश्न ‘भात किती लावावा’ या प्रश्नाइतकाच भूजलशास्त्रज्ञाला महत्त्वाचा वाटतो. दुसरे असे की, राज्याच्या मध्यभागात पाण्याची पातळी खाली जात असताना नैर्ऋत्येकडील मुक्तसरसारख्या भागांत भूजल खारे असल्यामुळे त्याचा उपसा होत नाही आणि तेथील जमिनी चिबड होतात. एकाच राज्यात तहान आणि चिबडपणा शेजारी-शेजारी नांदतात.

अर्थशास्त्रज्ञाची साक्ष

अर्थशास्त्रज्ञ म्हणतो, पाणी खाली गेले कारण ते खाली जाऊ देण्यात कोणाचेच तात्काळ नुकसान नव्हते. १९९७ साली पंजाबात शेतीपंपांना मोफत वीज मिळू लागली. मधली थोडी वर्षे ती बंद होती. २००५ पासून पुन्हा चालू झाली. पंप एक तास चालला काय किंवा दहा तास चालला काय, शेतकऱ्याचा खर्च तोच. दुसऱ्या बाजूस, गहू आणि भात यांनाच खरेदीची खरी हमी. मक्याला, कडधान्याला हमीभाव जाहीर होतो. पण तो भाव देऊन माल उचलणारा कोणी मंडीत उभा नसतो. अशा स्थितीत भात सोडणारा शेतकरी पाणी वाचवील हे खरे, परंतु आपले उत्पन्न जुगारावर लावील. भात लावणारा अडाणी नव्हे. तो हिशेबी आहे.

या विषयावरील सर्वांत परिचित अहवाल सरदारासिंग जोहल यांच्या समितीचा. तो १९८६ साली सादर झाला. गहू-भाताखालील किमान २० टक्के क्षेत्र अन्य पिकांकडे वळवावे, अशी शिफारस त्यात होती. २००२ साली जोहल यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने असे क्षेत्र १० लाख हेक्टर असावे आणि शेतकऱ्याला त्याची भरपाई मिळावी, असे सुचविले. परंतु या सर्व काळात भाताचे क्षेत्र वाढतच गेले. याचे कारण शिफारशीत नव्हते. देशाला शिधावाटपासाठी तांदूळ हवा होता आणि तो खात्रीने देणारे राज्य पंजाब होते. पंजाबने भात कमी करावा असे सांगणारे आणि पंजाबकडून भात विकत घेणारे सरकार एकच होते.

समाजशास्त्रज्ञाची साक्ष

समाजशास्त्रज्ञ विचारतो, पाणी खाली गेले की त्याच्यामागे धावू शकतो कोण? पातळी उथळ होती तेव्हा जमिनीवर ठेवलेला साधा पंप पुरत असे. ती खोल गेली तशी विहीर आणखी खोल करणे आणि पाण्यात बुडणारा पंप बसविणे भाग पडले. मोठ्या जमीनदाराने हा खर्च पचविला. लहान शेतकऱ्याने तो अडत्याकडून कर्ज काढून केला. अडत्या हाच माल विकून देणारा आणि हाच सावकार. त्यामुळे पीक मंडीत पोहोचण्यापूर्वीच त्याचे पैसे वळते होतात. मोफत विजेचा लाभही ज्याची जमीन अधिक आणि पंप मोठा त्यालाच अधिक मिळतो.

भूमिहीनांना तर या लाभात वाटाच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के, म्हणजे देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. त्यांच्या मालकीची शेतजमीन मात्र अत्यल्प आहे. ज्याला पंप नाही त्याला मोफत वीज नाही. परंतु भूजल आटल्याने वस्तीवरील हातपंप कोरडा पडला, की त्याची झळ सर्वांआधी याच घरांना बसते. राज्यातील विद्यापीठांनी शेतकरी-आत्महत्यांच्या ज्या घरोघर पाहण्या केल्या, त्यांत कर्ज हे प्रमुख कारण आढळले. आणि मृतांत भूमिहीन शेतमजुरांची संख्याही मोठी होती.

एकाच शास्त्राचा उपाय

तीन साक्षी अशा आहेत. आता उपाय कसा फसतो ते पाहू. मे महिन्यातील लावणी थांबवावी, ही भूजलशास्त्रज्ञांची सूचना पंजाबने स्वीकारली. २००९ च्या भूजलसंरक्षण कायद्याने १० जूनपूर्वी लावणी करण्यास मनाई केली. ही तारीख पुढे आणखी लांबविण्यात आली. पाण्याच्या दृष्टीने उपाय योग्यच होता. पण लावणी उशिरा झाल्याने कापणीही उशिरा होऊ लागली, आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास शेतकऱ्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. कापणी यंत्राने मागे सोडलेली धसकटे व पेंढा काढण्यास मजूर महाग, यंत्र त्याहून महाग; आगपेटी मात्र स्वस्त. जी आग पूर्वी ऑक्टोबरमध्ये लागे, ती नोव्हेंबरात लागू लागली. त्या दिवसांत वारा मंद असतो आणि थंड हवा धूर जमिनीलगत कोंडून धरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की, आगीचा काळ असा पुढे सरकल्यामुळे हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण जवळजवळ ३० टक्के अधिक होण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण झाली. पाणी वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याची किंमत अशा रीतीने दूरच्या शहरांतील फुप्फुसांनी मोजली.

याचा अर्थ कायदा चुकीचा होता असा नव्हे. त्याच्या जोडीला लवकर तयार होणारी जात, पेंढा न जाळता गहू पेरणारे यंत्र आणि ते परवडावे यासाठी अर्थसाहाय्य ही तिन्ही एकाच वेळी आली असती, तर परिणाम निराळा झाला असता. लुधियानाच्या विद्यापीठाची पी. आर. १२६ ही जात सुमारे १२३ दिवसांत तयार होते. पुसा ४४ या लोकप्रिय जातीला त्याहून महिनाभर अधिक लागतो. एका जातीच्या निवडीत पाणी आणि धूर या दोन्ही प्रश्नांचे अंशतः उत्तर आहे. विजेच्या बाबतीतही २०१८ साली एक लहानसा प्रयोग सुरू झाला. प्रत्येक पंपाला विजेचा ठरावीक वाटा द्यावयाचा आणि त्यातून वाचविलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला ४ रुपये द्यावयाचे. यात मोफत वीज काढून घेतली जात नाही. काटकसरीला मोल मिळते. व्याप्ती मर्यादित असली तरी दिशा विचार करण्याजोगी आहे.

विश्वासाचा प्रश्न

२०२० साली केंद्र सरकारने केलेल्या तीन कृषिकायद्यांविरुद्ध पंजाबचा शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसला आणि २०२१ च्या अखेरीस ते कायदे रद्द झाले. त्या कायद्यांच्या गुणदोषांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण आंदोलनामागील भीती स्पष्ट होती : खरेदीची हमी जाईल आणि तिच्या जागी काहीच येणार नाही. ज्या व्यवस्थेने पाणी आटविले, तीच व्यवस्था शेतकऱ्याच्या पायाखालची एकमेव घट्ट फळी होती. दुसरी फळी टाकल्याखेरीज पहिली काढा असे सांगणाऱ्यावर तो विश्वास ठेवील कसा?

पंजाबच्या प्रश्नातून निघणारा बोध हाच आहे. भाताऐवजी अन्य पीक हवे असेल तर त्या पिकाचा खरेदीदार आधी मंडीत उभा राहिला पाहिजे, आणि तोही एका हंगामासाठी नव्हे. विजेचे धोरण बदलायचे असेल तर लहान शेतकऱ्याचा हिशेब आधी बसविला पाहिजे. आणि देशाच्या स्वस्त तांदळासाठी ज्या राज्याने आपले पाणी खर्च केले, त्याच्या संक्रमणाचा भार त्या राज्याने एकट्याने वाहावा, हे न्यायाला धरून नाही. भूजल, भाव आणि माणूस यांचा विचार वेगवेगळ्या कचेऱ्यांत होतो, तोवर एका कचेरीतील उपाय दुसऱ्या कचेरीत नवा प्रश्न म्हणून दाखल होत राहील. पाण्याची पातळी मात्र कोणत्याही कचेरीची वाट न पाहता दरवर्षी खाली जात आहे.