जुन्या फियाटला ब्रेक सर्व्हो

प्रश्न : माझी १९६८ची फियाट ११०० चालू स्थितीत आहे. पण ब्रेक फार जोर लावून दाबावा लागतो. सर्व्हो बसवावा का?

उत्तर : बसवता येईल, पण आधी आहेत ते ब्रेक नीट करा. सर्व्होने पायाचा जोर कमी लागतो. गाडीची थांबण्याची ताकद मात्र लायनर, ड्रम आणि टायर यांचीच. तुमच्या गाडीला चारही चाकांवर ड्रम आहेत. लायनर तेलकट झाले असतील किंवा व्हील सिलिंडर अडकत असेल, तर सर्व्हो लावल्यावर गाडी एका बाजूला आणखी जोरात ओढेल.

पेडलजवळ जागा कमी, म्हणून मास्टर सिलिंडर आणि चाकांमधल्या पाइपात बसणारा स्वतंत्र सर्व्हो घ्या. तो उत्पादकाने सांगितलेल्या कोनातच बसवा, नाहीतर आतली हवा निघत नाही. व्हॅक्यूम इनलेट मॅनिफोल्डमधून घ्यायचा, मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह हवाच. पेट्रोलचा साधा होज चालत नाही. व्हॅक्यूमने तो आत चिमटतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेले, तर सर्व्हो काम करतोय.

पुढे कधी ब्रेक ऑइल घटू लागले, बाहेर गळती दिसेना आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, तर सर्व्होचे सील गेले असून ऑइल इंजिनात ओढले जातेय, असा संशय घ्या. मग दुरुस्तीपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.