एका रेषेवरचे ठिपके

सातारा जिल्ह्यांत पाऊस किती पडतो, असा प्रश्न कोणी केला असतां आपण बहुधा एकच आंकडा सांगून मोकळे होतों. तो आंकडा म्हणजे सरासरी. परंतु महाबळेश्वरीं वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून सरळ रेषेंत सुमारें शंभर किलोमीटरांवर असलेल्या दहिवडीस पांचशे मिलिमीटर झाला तरी शेतकरी समाधान मानतो. ह्या दोहोंची मिळून जी सरासरी निघेल, तितका पाऊस त्या दोन्ही गांवांपैकीं एकाहि गांवीं पडत नाहीं. मग ती सांगून ऐकणारास काय कळलें?

ह्यावर एक सोपा उपाय आहे. कागदावर एक आडवी रेषा ओढावी, तिच्यावर शून्यापासून सहा हजारांपर्यंत खुणा कराव्या, आणि जिल्ह्याच्या अकराहि तालुक्यांचा पाऊस एकेका ठिपक्यानें दाखवावा. माण, खटाव, फलटण हे डाव्या अंगास दाटीनें बसतील. जावळी व पाटण त्यांच्या बरेच पुढें जातील. आणि महाबळेश्वर उजव्या टोकाशीं एकटें राहील. त्या एका ठिपक्यानें सरासरी आपल्याकडे कशी ओढून नेली आहे, हें चौथीचा विद्यार्थीहि बोट ठेवून दाखवील. ह्या आकृतीस उभा अक्ष नाहीं. मोजलेली गोष्ट एकच, म्हणून रेषाहि एकच.

हेंच काम संगणकावर करावयाचें तर ‘आर’ नांवाची संगणकप्रणाली फार सोयीची आहे. न्यूझीलंड देशांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन ह्या दोन अध्यापकांनीं १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ती रचली, आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली. तिला मोल पडत नाहीं, ही गोष्ट आमच्या पालकवर्गास आवडेल. तींत ‘स्ट्रिपचार्ट’ हा शब्द रोमन लिपींतील लहान अक्षरांनीं लिहून पुढें कंसांत आंकड्यांच्या मालिकेचें नांव घातलें, कीं आलेख तयार होतो. लहान व मोठीं अक्षरें ही प्रणाली वेगळीं मानते, एवढें मात्र ध्यानांत असूं द्यावें.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. एका वर्गाच्या दोन तुकड्या आहेत व प्रत्येकींत दहा विद्यार्थी आहेत. ‘अ’ तुकडीचे गणिताचे गुण ४८, ४९, ४९, ५०, ५०, ५०, ५०, ५१, ५१, ५२. ‘ब’ तुकडीचे २०, २१, २२, २३, २४, ७६, ७७, ७८, ७९, ८०. दोन्हींची बेरीज ५०० व सरासरी ५०. प्रगतिपत्रकावर केवळ सरासरी छापली तर पालकांस दोन्ही तुकड्या सारख्याच वाटतील. आलेखांत मात्र ‘अ’ तुकडी मध्यभागीं एकवटलेली दिसते, आणि ‘ब’ तुकडी दोन टोळ्यांत फुटून मध्यें मोकळें रान पडतें. पन्नास गुण मिळविलेला एकहि विद्यार्थी तींत नाहीं. शिक्षकानें ह्या तुकडीस एकच धडा एकाच गतीनें शिकविला, तर अर्धे विद्यार्थी कंटाळतील व अर्ध्यांस तो कळणार नाहीं.

परंतु आलेख नीट पाहिल्यास एक अडचण ध्यानांत येईल. ‘अ’ तुकडींत विद्यार्थी दहा, पण चौकोनी खुणा पांचच! कारण समान गुणांच्या खुणा एकमेकींवर बसतात. ही प्रणालीची मूळची पद्धत. तिचें नांव ‘ओव्हरप्लॉट’. कंसांत ‘मेथड’ ह्या शब्दापुढें ‘स्टॅक’ असें सांगितलें, कीं समान खुणा एकीवर एक रचल्या जातात. आपल्या उदाहरणांत एक, दोन, चार, दोन, एक अशा राशी उभ्या राहतात. गुणांसारख्या पूर्णांकांस ही रीत उत्तम. पर्जन्यमापकावर मिलिमीटराच्या दशांशापर्यंत घेतलेली नोंद क्वचितच दुसरीशीं तंतोतंत जुळते. तेथें खुणा जवळ येऊन अर्धवट झांकल्या जातात, पण राशी होत नाहींत. अशा वेळीं तिसरी रीत, ‘जिटर’, कामास येते. तिनें खुणा रेषेच्या वर-खालीं थोड्याशा विखुरतात. त्यामुळें मूळचा आंकडा बिघडत नाहीं, कारण सरकणें हें मापाच्या दिशेस नसतें. मात्र हें विखुरणें यदृच्छेनें होत असल्यामुळें दर वेळीं चित्र निराळें येतें; तेंच चित्र पुन्हां हवें असल्यास आधीं ‘सेट डॉट सीड’ ही आज्ञा एखाद्या ठराविक अंकासह द्यावी.

सांगलीकर विद्यार्थ्यांस हा विषय दूरचा वाटूं नये. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहरांत नावा चालत असतां त्याच जिल्ह्यांतील जत व आटपाडी ह्या तालुक्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें होतीं. जिल्ह्याची सरासरी पाहून मदत वांटावयाची म्हटली तर ती कोणाच्या दारीं पोंचेल? दहा तालुक्यांचे दहा ठिपके हा प्रश्न निदान लपवीत तरी नाहींत.

सरासरीवर विसंबूं नये हें जगास बजावणारा एक थोर संख्याशास्त्रज्ञ आपल्याच मातींतला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं झाला. लंडनास अध्ययन करून आल्यावर त्यांनीं यदृच्छेनें निवडलेल्या शेतांतील पीक कापून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत देशांत रुजविली, आणि पुढें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्राची धुरा वाहिली. माणसास लागणारें अन्न व्यक्तिपरत्वें बदलतें, इतकेंच नव्हे तर एकाच माणसाच्या बाबतींत तें दिवसागणिक बदलतें. म्हणून सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित समजणें चुकीचें, असें त्यांचें म्हणणें. ह्यावर पुण्याच्या वि. म. दांडेकरांशीं त्यांचा मोठा वाद झाला. ह्या फरकावर भर दिल्यास खरी भूक झांकली जाईल, ही विरोधकांची भीति आम्हांस निराधार वाटत नाहीं; पण ठिपक्यांची पसरण किती, हा प्रश्न दोन्ही पक्षांस टाळतां आला नाहीं.

दोन तुकड्या किंवा दोन जिल्हे एकाच चित्रांत हवे असल्यास कंसांत प्रथम मापाचें नांव, मग नागमोडी चिन्ह व शेवटीं गटाचें नांव लिहावें; प्रत्येक गटाची ओळ निराळी होते. आंकडे शेंकड्यांनीं असले म्हणजे मात्र ठिपक्यांची नुसती काळी पट्टी उरते. त्या वेळीं स्तंभालेख किंवा पेटी-आलेख काढणें बरें. वर्गांतील चाळीस-पन्नास मुलें, नदीची तीस वर्षांची पूरपातळी, जिल्ह्याचे अकरा तालुके, एवढ्यासाठीं ही रेषा पुरी पडते.